अतिमानवपट, सचेतन

अलौकिक सामर्थ्य लाभलेल्या नायकाची किंवा नायकसमूहाची कथा चित्राकृतींच्या, बाहुल्यांच्या अथवा संगणकनिर्मित आकृत्यांच्या हालचालींतून सांगणारा चित्रपट. ‘सुपरहीरो’ या संज्ञेसाठी मराठीत ‘अतिमानव’ वा ‘महानायक’ आणि ‘ॲनिमेशन’साठी ‘सचेतनीकरण’ असे पर्याय वापरले जातात. बोलभाषेत मात्र अशा चित्रपटांस सरसकट ‘कार्टून’ म्हणण्याचा प्रघात आहे. या प्रकारातील कुटुंबकेंद्रित चित्रपट, त्याच्या लोकप्रियतेची कारणे, भारतीय व मराठी परंपरेशी त्याचे असलेले नाते आणि वर्धा जिल्ह्यासारख्या महानगरांपासून दूरच्या भागातील त्याचे स्थान यांचा विचार येथे केला आहे.

उगम व विकास : आधुनिक अतिमानवाची कल्पना प्रथम अमेरिकन चित्रकथांतून रूढ झाली. ‘सुपरमॅन’ हे पात्र १९३८ मध्ये प्रसिद्धीस आले आणि १९४१ ते १९४३ या काळात त्याच्यावर १७ सचेतन लघुपट निघाले. या प्रारंभीच्या नायकांचे एक ठळक लक्षण म्हणजे त्यांचा एकाकीपणा. खरी ओळख लपविणे, जवळच्या माणसांपासून अंतर राखणे आणि संकटसमयी एकट्याने धावून जाणे, ही त्यांची रीत होती. १९६१ मध्ये स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी ‘फँटॅस्टिक फोर’ या चित्रकथेत प्रेमाच्या व रक्ताच्या नात्यांनी आणि मैत्रीने जोडलेल्या चौघांचा समूह निर्माण केला. त्यामुळे अतिमानवांच्या कथेत घरगुती भांडणे, रुसवेफुगवे व परस्परांवरील माया यांना प्रवेश मिळाला. सचेतनपटाचा विकास त्याच सुमारास स्वतंत्रपणे चालू होता. वॉल्ट डिझ्नी यांच्या ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्‌वॉर्फ्‌स’ (१९३७) या चित्रपटाने पूर्ण लांबीचा हस्तचित्रित सचेतनपट लोकप्रिय होऊ शकतो, हे दाखवून दिले; तर पिक्सार या संस्थेच्या ‘टॉय स्टोरी’ (१९९५) या चित्रपटाने संपूर्णपणे संगणकाच्या साहाय्याने असा चित्रपट निर्माण करण्याचा मार्ग खुला केला. हे दोन्ही प्रवाह ‘द इन्क्रेडिबल्स’ (२००४) या चित्रपटात एकत्र आले.

‘द इन्क्रेडिबल्स’ : ब्रॅड बर्ड यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला हा पिक्सारचा सहावा पूर्ण लांबीचा चित्रपट. तो अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये प्रदर्शित झाला. मायकेल जियाकिनो यांनी त्याला संगीत दिले. जगभरात त्याने ६० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले आणि सर्वोत्कृष्ट सचेतनपट व ध्वनिसंपादन यांसाठीची दोन ऑस्कर पारितोषिके त्याला २००५ मध्ये लाभली. ‘इन्क्रेडिबल्स २’ हा त्याचा उत्तरार्ध २०१८ मध्ये आला व त्याचे जागतिक उत्पन्न १०० कोटी डॉलरांच्या पुढे गेले.

चित्रपटाचे कथानक एका विपरीत परिस्थितीवर उभे आहे. अतिमानवांनी केलेल्या बचावकार्यांत झालेल्या हानीबद्दल लोक त्यांच्यावर न्यायालयात दावे लावतात. परिणामी शासन त्यांना आपले सामर्थ्य वापरण्यास मनाई करते व नवी नावे देऊन सामान्य वस्तीत राहावयास पाठविते. बॉब पार हा एके काळचा कीर्तिवंत महानायक पंधरा वर्षांनंतर विमा कंपनीतील कारकुनी करताना दिसतो. पत्नी हेलन हीही पूर्वाश्रमीची अतिमानव. मुलांनी आपले गुण घराबाहेर प्रकट करू नयेत, यासाठी ती सतत दक्ष असते. पुढे एका द्वेष्ट्या संशोधकाच्या जाळ्यात बॉब सापडतो आणि त्याला सोडविण्याच्या प्रयत्नात सर्व कुटुंब एकत्र येऊन लढते. एके काळी बॉबचा सहायक होऊ पाहणारा व त्याने झिडकारलेला एक मुलगाच हा खलनायक झालेला असतो. त्याच्याजवळ जन्मजात शक्ती नाही. यंत्रे निर्माण करून तो तिची उणीव भरून काढतो.

लोकप्रियतेची कारणे : या चित्रपटाचे आकर्षण त्यातील साहसदृश्यांपुरते मर्यादित नाही. प्रत्येक पात्राला दिलेली शक्ती ही त्या व्यक्तीच्या कुटुंबातील स्थानाचे रूपक आहे. घराचा भार वाहणारा बाप बलदंड आहे. एकाच वेळी अनेक दिशांना ओढली जाणारी आई रबरासारखी ताणली जाते. कोणाच्या नजरेस पडू नये असे वाटणारी, वयात येणारी मुलगी व्हायलेट अदृश्य होऊ शकते आणि स्वतःभोवती अभेद्य कवच निर्माण करते. एका जागी न बसणारा दहा वर्षांचा डॅश वाऱ्याच्या वेगाने धावतो. तर तान्ह्या जॅक-जॅकच्या अंगी नेमके काय दडले आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. अशा रीतीने अद्‌भुताचा धागा नित्याच्या अनुभवाला जोडला गेल्यामुळे अमेरिकन उपनगराशी काहीही संबंध नसलेला प्रेक्षकही या पात्रांत आपली माणसे ओळखतो.

दुसरे कारण म्हणजे निरनिराळ्या वयाच्या प्रेक्षकांना एकाच कथेत मिळणारे भिन्न अर्थ. मुलांच्या दृष्टीने ही धावण्याची, उडण्याची व यंत्रमानवाशी झुंजण्याची गोष्ट आहे. प्रौढांना तीत उमेदीची वर्षे मागे पडलेला, कचेरीच्या अरुंद खोलीत कोंडलेला आणि जुन्या पराक्रमांच्या आठवणींत रमणारा गृहस्थ दिसतो. पति-पत्नींमधील संशय व त्यांचा समेट हाही कथेचा एक गंभीर पदर आहे. आईवडील मुलांना सोबत म्हणून चित्रपटगृहात येतात आणि स्वतःची कथा पाहून परततात. कौटुंबिक चित्रपटाचे यश बव्हंशी या दुहेरी रचनेवर अवलंबून असते.

तिसरे कारण मुलांच्या एका खोल अनुभवाशी निगडित आहे. मोठ्यांच्या जगात मुलाला ‘हे करू नकोस’, ‘लोक काय म्हणतील’ असे वारंवार ऐकावे लागते. डॅशला शाळेच्या शर्यतीत भाग घेण्याचीच परवानगी नसते. ती अखेरीस मिळते, तेव्हा पालकांच्या इशाऱ्यांवरून तो मुद्दाम दुसरा येतो. सामर्थ्य असूनही ते आवरणे व योग्य वेळी प्रकट करणे यांतील समतोल हा येथे खरा पराक्रम ठरतो. शिवाय हा चित्रपट धोक्याचे स्वरूप लपवीत नाही : शत्रू लहान मूल पाहून दया दाखविणार नाही, असे आई मुलांना स्पष्ट बजावते. संकट खरे वाटल्यामुळेच त्यातून सुटण्याचा आनंदही खरा वाटतो.

या आशयावर आक्षेपही घेतले गेले. असामान्यांना सामान्यांच्या पातळीवर ओढणे हा समाजाचा दोष होय, असे चित्रपट सुचवितो आणि म्हणून त्याची भूमिका समतेच्या विरोधी आहे, असे काही समीक्षकांनी म्हटले. परिश्रमाने सामर्थ्य मिळविणारा मनुष्य खलनायक आणि जन्मतः ते लाभलेले नायक, ही मांडणी त्यांना खटकली. उलट, खलनायकाचा दोष त्याच्या परिश्रमांत नसून इतरांच्या प्राणांची पर्वा न करता कीर्ती मिळविण्याच्या हव्यासात आहे आणि बॉबलाही एकट्याने लढण्याचा अहंकार सोडावा लागतो, असे प्रत्युत्तर देता येते. मुलांसाठीच्या मानल्या गेलेल्या चित्रपटाने असा वाद निर्माण करावा, हेच त्याच्या आशयघनतेचे गमक होय.

तंत्र : चित्रपटात दर सेकंदास २४ चित्रचौकटी पडद्यावरून सरकतात. या हिशेबाने ‘द इन्क्रेडिबल्स’च्या ११५ मिनिटांत सु. १,६५,००० चौकटी होतात आणि त्यांतील प्रत्येक चौकट घडवावी लागते. हस्तचित्रित पद्धतीत चित्रकार हालचालीच्या मुख्य अवस्था रेखाटतो व साहाय्यक मधल्या अवस्था भरतात. संगणकीय पद्धतीत प्रथम पात्राचा त्रिमितीय सांगाडा रचतात, त्यावर स्नायू, त्वचा, केस व वस्त्रे चढवितात आणि मग बाहुलीप्रमाणे त्याला हालवितात. खेळणी, कीटक वा मासे यांच्यापेक्षा माणूस दाखविणे अधिक कठीण असते. कारण माणसाची चाल व चेहरा प्रेक्षकाच्या नित्य परिचयाचा असल्याने लहानशी चूकही त्याला तत्काळ जाणवते. सर्व मुख्य पात्रे मानवी असलेला पिक्सारचा हा पहिलाच चित्रपट होता. त्यामुळे हुबेहूब प्रतिकृतीचा हट्ट न धरता रुंद खांदे, बारीक पाय, मोठे डोळे अशी अतिशयोक्त शरीरयष्टी योजण्यात आली. व्हायलेटचे लांब केस ही तंत्रज्ञांपुढील एक अवघड समस्या होती. परंतु तोंड झाकणारे हेच केस शेवटी तिने मागे सारलेले दिसतात आणि तिच्या मनातील पालट शब्दांवाचून कळतो. तंत्र व व्यक्तिरेखन यांचा असा मेळ उत्तम सचेतनपटांत आढळतो.

भारतीय व मराठी पूर्वपरंपरा : अलौकिक शक्तीचा नायक भारतीय चित्रपटास त्याच्या आरंभापासूनच परिचित आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांत चमत्कारदृश्यांना महत्त्वाचे स्थान होते. ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) या लघुपटात काड्यांची जागा चौकटीगणिक बदलून त्यांना सजीव केले; भारतातील सचेतनीकरणाच्या आद्य प्रयोगांत त्याची गणना होते. प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ (१९३४) हा व्यंगचित्रात्मक लघुपट काढला.

प्रभातच्याच ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपटात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई ही समाजाने वाळीत टाकलेली भावंडे भिंतीवर बसून चांगदेवांच्या भेटीस जातात, हा प्रसंग युक्तिछायाचित्रणाने दाखविला आहे. या भावंडांकडे अतिमानव म्हणून पाहणे त्यांच्या आध्यात्मिक थोरवीला न्याय देणारे ठरणार नाही. तथापि असामान्य गुण असलेले कुटुंब, त्याला नाकारणारा समाज आणि अखेर त्याच समाजाच्या कल्याणासाठी झटणारी ती मुले, ही कथेची बांधणी मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हनुमंताची कथाही या दृष्टीने लक्षणीय आहे. बालपणीच्या खोड्यांमुळे ऋषींच्या शापाने त्याला आपल्या बळाचा विसर पडतो व समुद्रोल्लंघनाच्या वेळी जांबवान त्याला त्याची आठवण करून देतो. पाश्चात्त्य अतिमानव आपले सामर्थ्य लपवितो, तर हनुमान ते विसरतो. दोन्ही कथांत ते जागे होण्यास आप्तांचा विश्वास लागतो.

आधुनिक मराठी बालसाहित्यात मात्र अतिमानवापेक्षा चतुर व धाडसी, पण चारचौघांसारख्याच मुलाला अधिक मान मिळाला. भा. रा. भागवत यांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा याचा सर्वपरिचित नमुना होय.

भारतीय सचेतनपट : मुंबईतील फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागाने स्वातंत्र्योत्तर काळात या कलेचा पाया घातला. डिझ्नी संस्थेतील अनुभवी कलावंत क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे ‘द बनियन डियर’ (१९५७) हा लघुपट तयार झाला. राम मोहन (१९३१–२०१९) हे १९५६ मध्ये या विभागात दाखल झाले व पुढे भारतीय सचेतनीकरणाचे अध्वर्यू ठरले. भारत-जपान सहकार्यातून निर्माण झालेल्या ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ (१९९२) या चित्रपटाच्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा लघुपट दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचला. जाळ्यासह उडून जाणाऱ्या पक्ष्यांच्या कथेतून त्याने दिलेला संदेश, सामर्थ्य एकट्याचे नसून समूहाचे असते, हा होता.

पूर्ण लांबीच्या अतिमानवपटास भारतात व्यापारी यश मिळाले, ते व्ही. जी. सामंत यांच्या ‘हनुमान’ (२००५) या हस्तचित्रित हिंदी चित्रपटाने. त्यातील हनुमंताला मुकेश खन्ना यांनी आवाज दिला. दूरदर्शनवरील ‘शक्तिमान’ (१९९७–२००५) या मालिकेतील अतिमानव म्हणून ते मुलांना आधीच परिचित होते. त्यानंतर अनुराग कश्यप यांचा ‘रिटर्न ऑफ हनुमान’ (२००७), ‘बाल गणेश’ (२००७), ‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दमयान’ (२०१२) असे चित्रपट आले. ‘छोटा भीम’ ही हैदराबाद येथील राजीव चिलका यांच्या संस्थेची मालिका २००८ मध्ये पोगो वाहिनीवर सुरू झाली. लाडू खाल्ल्यावर बळ येणारा तिचा नायक महाभारतातील भीमाचे केवळ नाव व खादाडपणा घेऊन आला आहे. मराठीत नीलेश मुळे यांचा ‘प्रभो शिवाजी राजा’ (२०१८) हा सचेतनपट ऐतिहासिक विषयावर निघाला. अश्विन कुमार यांच्या ‘महावतार नरसिंह’ (२०२५) या चित्रपटाने भारतीय सचेतनपटांच्या उत्पन्नाचा उच्चांक प्रस्थापित केला. भारतीय अतिमानवपट मुख्यतः पुराणकथांवर अवलंबून राहिला आहे. परिचित कथेमुळे प्रेक्षक सहज मिळतो. मात्र आजच्या घरातील, आजच्या शाळेतील मुलाची स्वतंत्र कथा त्यामुळे मागे पडते, ही त्याची मर्यादा होय.

भाषांतरित आवृत्त्या : ‘द इन्क्रेडिबल्स’ची हिंदी आवृत्ती ‘हम हैं लाजवाब’ या नावाने निघाली. तीत कुटुंबप्रमुखाला शाहरुख खान यांनी व त्याच्या मुलाला त्यांचा पुत्र आर्यन याने आवाज दिला. पडद्यावरील पितापुत्रांना प्रत्यक्षातील पितापुत्रांचे आवाज देण्याची ही योजना कौटुंबिक आशयाला साजेशीच होती. २०१८ च्या उत्तरार्धात हेलनसाठी काजोल यांचा आवाज वापरण्यात आला. सचेतनपटाचे भाषांतर नटांच्या चित्रपटापेक्षा स्वाभाविक वाटते. कारण चित्रित पात्राला मुळात स्वतःचा आवाज नसतो व कोणत्याही भाषेतील आवाज त्याला आपलासा करता येतो. मराठीला ही संधी उशिरा मिळाली. ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ (२०२३) हा चित्रपट भारतात ज्या दहा भाषांत प्रदर्शित झाला, त्यांत मराठीचा समावेश होता. मुंबई व मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून कल्पिलेल्या ‘मुंबॅटन’ नगरीतील पवित्र प्रभाकर हा त्यातील एक नायक २००४ मधील एका भारतीय चित्रकथामालिकेतून आलेला आहे.

वर्धा जिल्हा व अतिमानवपट : वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर या आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ (२०११) होती. अशा जिल्ह्यांत सचेतन अतिमानव मुख्यतः चित्रवाणीच्या मार्गाने पोहोचले. भारतात कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये आणि पोगो, हंगामा व डिझ्नी या वाहिन्या २००४ मध्ये सुरू झाल्या. त्यांवरील कार्यक्रम मराठी मुलांनी प्रामुख्याने हिंदीतून पाहिले. राष्ट्रभाषा प्रचार समितीची १९३६ मध्ये झालेली स्थापना व १९९७ मध्ये स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय यांमुळे वर्धा हे हिंदीच्या प्रसाराचे केंद्र म्हणून प्रसिद्ध आहे. तथापि लहान मुलांच्या कानी हिंदी पडण्याच्या कामी पुस्तकांइतकाच या चित्रवाणी-नायकांचाही हातभार लागला आहे. याची दुसरी बाजू अशी, की घरात मराठी बोलणाऱ्या मुलाच्या कल्पनेतील पराक्रमी पुरुष दुसऱ्या भाषेत बोलू लागतो. पराक्रम, विनोद व धमकी यांचे शब्द मुलाला ज्या भाषेत प्रथम भेटतात, त्याच भाषेत त्याचा खेळ चालतो. म्हणून मराठी आवृत्त्यांचा प्रश्न केवळ बाजारपेठेचा नसून तो भाषेच्या बालपणाचा आहे.

या जिल्ह्याला बालशिक्षणाच्या विचाराचीही परंपरा आहे. १९३६ पासून सेगाव (नंतरचे सेवाग्राम) येथे राहणाऱ्या महात्मा गांधींचे चित्रपटाविषयीचे मत प्रतिकूल होते. १९४४ मध्ये मुंबईत त्यांनी विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ (१९४३) हा पौराणिक चित्रपट मात्र पाहिला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. हस्तोद्योगाद्वारे शिक्षण हे तिचे सूत्र. मूल हाताने काही घडविते तेव्हाच ते शिकते, या विचाराच्या कसोटीवर तासन्‌तास पडद्यासमोर बसणे उतरत नाही. अनुकरणाचा धोकाही नाकारता येत नाही : ‘शक्तिमान’च्या काळात मुले साहसांची घातक नक्कल करीत असल्याच्या तक्रारी झाल्या व तसे न करण्याची सूचना मुलांना मालिकेतूनच देण्यात आली.

परंतु नायकाच्या जागी स्वतःला कल्पिण्याची मुलाची ओढ चित्रपटाने निर्माण केलेली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात साजरा होणाऱ्या तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी बैल सजवून मिरवितात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तेथील प्रचंड लाकडी नंदींसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याहून कितीतरी मोठ्या बळाची दोरी आपल्या हाती असावी, ही बालमनाची इच्छा तेथे सणाच्या रूपाने आणि गावाच्या साक्षीने पुरी होते. अतिमानवपट तीच इच्छा पडद्यावर पुरी करतो. एकात मूल कर्ता असते, दुसऱ्यात प्रेक्षक. हा फरक पालकांनी व शिक्षकांनी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

हा फरक काही अंशी दूर करण्याचे साधनही सचेतनीकरणाच्याच तंत्रात आहे. वहीच्या कोपऱ्यांवर थोड्याथोड्या फरकाने काढलेली वीस-पंचवीस चित्रे भरभर उलटली, की धावणारा माणूस दिसू लागतो. फाळक्यांनी आगपेटीतील काड्यांवर केलेला प्रयोग आज साध्या भ्रमणध्वनीवरील कॅमेऱ्याने कोणत्याही शाळेत करता येतो. दृष्टिसातत्य, काळाचे मोजमाप, चित्रकला व कथाकथन यांचे शिक्षण त्यातून एकत्रितपणे मिळते.

समारोप : भारतातील सचेतनीकरण संस्थांनी परदेशी निर्मात्यांची कामे मोठ्या प्रमाणावर केली आहेत; कौशल्य येथले आणि कथा दुसऱ्यांची, असे तिचे स्वरूप दीर्घकाळ राहिले. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये सचेतनीकरण, दृश्यपरिणाम व संगणकीय खेळ या क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केले आहे. मात्र केवळ भांडवल व यंत्रे यांवर उत्तम कुटुंबपट निर्माण होत नाही. ‘द इन्क्रेडिबल्स’चे यश मुख्यतः घरातील माणसांच्या बारीक निरीक्षणात आहे. कापसाच्या शेतात राबणारी आई, शहरातील नोकरीसाठी रोज आगगाडीने जाणारा बाप, बुजरी मुलगी व अवखळ मुलगा यांच्या अंगी कोणते सामर्थ्य कल्पावे, याचा विचार मराठी लेखक व चित्रकार जेव्हा करू लागतील, तेव्हा या चित्रप्रकारास महाराष्ट्रात स्वतःचे रूप लाभेल.